भाग ४२ : सरांची बदली झाली, की शाळेचं काय होतं?

(या भागाचं हे लिखित रूप. बोलताना आलेल्या 'म्हणजे', 'तर' आणि 'ॲक्च्युअली' यांना थोडी कात्री लावली आहे. ऐकायला साधारण अठरा मिनिटं, वाचायला दहा.)

नौपाड्यातल्या आपल्या नेहमीच्या खोलीतून, पंखा बंद करून, घाम पुसत तुमच्याशी बोलतोय. आजचा विषय मी निवडलेला नाही. तो आमच्या इमारतीत चार घरी पोळ्या करायला येणाऱ्या ताईंनी दिला.

मे महिन्यातली गोष्ट. ताई म्हणाल्या, "दादा, तुम्ही त्या मोबाइलवर सगळ्या जगाचं सांगता ना, मग मला एक सांगा. पोरीला जूनमध्ये पहिलीत घालायचंय. म्युन्सिपाल्टीच्या शाळेत घालू, की वस्तीतल्या इंग्लिश मिडियमला? तिकडे महिन्याला हजार रुपये घेतात."

मी तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून फिनलंड बाहेर पडलं. तिथल्या सरकारी शाळा कशा भारी असतात वगैरे. ताईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तिकडं लोकमान्य नगरहून टीएमटी जाते का?"

तर मंडळी, आजचा भाग त्या प्रश्नाचं उत्तर शोधायचा प्रयत्न आहे. एखाद्या देशाची सरकारी शाळांची व्यवस्था यशस्वी होते, ती नेमकी कशामुळे? आणि ते कळल्यावर ताईंना काय सांगायचं?

आधी 'सरकारी शाळा' म्हणजे कोणती ते बघू

आपण नौपाड्यातली मंडळी सहज म्हणतो, "आम्ही काही सरकारी शाळेत शिकलो नाही." थांबा जरा. ठाण्यात शाळांचे ढोबळमानानं चार प्रकार आहेत. शहरात महापालिकेच्या शाळा. शहापूर, मुरबाडकडे गेलात की जिल्हा परिषदेच्या शाळा. तिसरा प्रकार अनुदानित शाळांचा. इथे कारभार खासगी संस्था बघते, पण शिक्षकांचा पगार सरकार देतं. आणि चौथा प्रकार विनाअनुदानित किंवा स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा. या फीवर चालतात. २०१२ साली त्यांच्यासाठी राज्यानं वेगळा कायदा केला आणि मग त्या भराभर वाढल्या.

आपल्या आईवडिलांची पिढी ज्या नावाजलेल्या मराठी शाळांमध्ये शिकली, त्यातल्या बहुतेक अनुदानित होत्या. म्हणजे बाईंचा पगार लोकांच्या करातूनच होत होता. सार्वजनिक शिक्षणाचा फायदा आपण घेतलेला आहे, फक्त त्याला ते नाव दिलं नाही.

हिरोची गोष्ट आणि व्यवस्थेची गोष्ट

सरकारी शाळेबद्दल आपल्या फोनवर दोनच प्रकारच्या रील येतात. एक, छत गळतंय. दोन, एका सरांनी चमत्कार केला.

चमत्कार खरे असतात, बरं का. आपल्याच जिल्ह्यात, शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाड्याच्या जिल्हा परिषद शाळेत संदीप गुंड या शिक्षकांनी गावाला सोबत घेऊन डिजिटल शाळा उभी केली. ती बघायला राज्यभरातून शिक्षक येऊन गेले. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले यांना २०२० साली ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, १० लाख डॉलर. त्यातली निम्मी रक्कम त्यांनी उरलेल्या नऊ अंतिम स्पर्धकांना वाटून टाकली.

टाळ्या वाजवूच. पण गावातला माणूस अशा वेळी एक प्रश्न हळूच विचारतो: "सरांची बदली झाली की काय?" जिल्हा परिषदेत बदली अटळ असते. चांगले सर गेले आणि वर्षभरात शाळा पुन्हा होती तिथे आली, तर ते यश सरांचं होतं. सर गेले, दुसरे आले, आणि मुलं तशीच शिकत राहिली, तर ते व्यवस्थेचं यश. माझ्या मते कुठल्याही देशाच्या शाळा मोजायची हीच सोपी कसोटी आहे. सर्वात चांगली शाळा किती चांगली आहे हे बघून फार कळत नाही. सर्वात साध्या शाळेत, साध्या शिक्षकाच्या हाताखाली काय होतं, ते बघायचं.

मग एका माणसाचं काम व्यवस्था कधी बनतं? याचं उत्तर आपल्या अगदी शेजारी आहे. १९४५ साली ताराबाई मोडक यांनी बोर्डीला ग्रामीण मुलांसाठी बालशिक्षणाचं काम सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. पुढे काम कोसबाडच्या आदिवासी पाड्यांत गेलं. हा सगळा भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता. पालघर वेगळा झाला तो २०१४ मध्ये. मूल शाळेत येत नसेल, तर शाळा मुलाच्या अंगणात न्यायची, असा साधा विचार. त्यातून शब्द आला अंगणवाडी. २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि तो शब्द देशभर गेला. आज ताराबाई नाहीत, अनुताई नाहीत, पण प्रत्येक वस्तीत अंगणवाडी आहे. कारण त्या कल्पनेला बजेटमध्ये जागा मिळाली, पद मिळालं, प्रशिक्षण मिळालं. अर्थात, ते पूर्ण मिळालं असंही नाही. अंगणवाडीसेविकेला अजून 'पगार' मिळत नाही, 'मानधन' मिळतं. हा शब्द लक्षात ठेवा, पुन्हा येणार आहे.

आता यशस्वी व्यवस्थेत काय काय असतं, ते एकेक करून बघू.

पहिली गोष्ट : मूल वाचतंय का, हे कुणीतरी विचारतं

शाळा आहे, वर्ग आहे, मूल हजर आहे, खिचडी खाल्ली. पण वाचता येतं का?

'असर' नावाचा सर्वेक्षण अहवाल तुम्ही ऐकला असेल. 'प्रथम' ही संस्था तो करते, आणि प्रथमचा जन्म मुंबईतलाच, नव्वदच्या दशकातला. स्वयंसेवक गावोगावी घरी जातात आणि मुलाच्या हातात एक छोटा उतारा देतात. ग्रामीण भारतात, सरकारी शाळेत तिसरीत शिकणाऱ्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी मुलं २०२२ मध्ये १६.३ टक्के होती. २०२४ मध्ये २३.४ टक्के. म्हणजे सुधारणा झाली, आणि तरीही चारातल्या तीन मुलांना तो उतारा वाचता येत नाही.

असं का होतं? कारण गुरुजींवर 'पोर्शन' पूर्ण करायचा दबाव असतो. पुस्तक पुढे जातं, मूल मागे राहतं. मुंबई आणि वडोदऱ्यात २००१ च्या सुमारास यावर एक प्रयोग झाला. वस्तीतल्याच शिकलेल्या मुलींना 'बालसखी' म्हणून नेमलं. मागे पडलेली मुलं त्यांनी रोज दोन तास वेगळी घ्यायची आणि त्यांना येतं तिथून शिकवायचं. मुलांचे गुण वाढले. हा अभ्यास करणाऱ्यांमध्ये अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो होते, ज्यांना २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

पण बालसखी हा प्रयोग झाला. पूर्ण शहरानं हे केलं तर? त्यासाठी ब्राझीलला जाऊ. सोब्राल नावाचं शहर, लोकवस्ती सुमारे दोन लाख, म्हणजे आपल्या अंबरनाथ-बदलापूरच्या तोडीचं. शाळा नगरपालिकेच्या, प्रदेश गरीब. २००० च्या आसपास त्यांनी मुलांची तपासणी केली, तर दुसरी संपवलेल्यांतल्या जवळपास निम्म्या मुलांना वाचता येत नव्हतं. नगरपालिकेनं एकच ध्येय धरलं: पहिल्या दोन वर्षांत प्रत्येक मूल वाचायला शिकलं पाहिजे. मुख्याध्यापक राजकीय वशिल्यानं नेमणं बंद करून निवडप्रक्रियेनं नेमले. शिक्षकांना दर महिन्याला प्रशिक्षण दिलं, तेही 'शिक्षणाचे तत्त्वज्ञान' छापाचं नाही, तर उद्या वर्गात काय करायचं याचं. आणि मुलांची वाचनाची तपासणी नियमित केली. २०१५ मध्ये प्राथमिक शिक्षणाच्या राष्ट्रीय निर्देशांकात ब्राझीलच्या पाच हजारांवर नगरपालिकांमध्ये सोब्राल पहिलं आलं.

मधली वर्षं मोजा. पंधरा. आणि यात टॅब्लेट कुठेच आलं नाही, हेही बघा.

दुसरी गोष्ट : शिक्षक कोण होतो, आणि त्याचा दिवस कशात जातो

आता येतो फिनलंडकडे. तिथे १९७९ पासून शाळेत शिकवायला विद्यापीठातली पदव्युत्तर पदवी लागते. प्राथमिक शिक्षक होण्याच्या अभ्यासक्रमाला अर्ज करणाऱ्या दहांतल्या साधारण एकालाच प्रवेश मिळतो. म्हणजे गाळणी आधी लावली. एकदा गाळून घेतल्यावर शिक्षकावर विश्वास टाकला. नव्वदच्या दशकात शाळा तपासणीची जुनी पद्धतसुद्धा बंद केली.

आपण इथे एक गंमत करतो. फिनलंडचा दुसरा भाग तेवढा उचलतो, 'परीक्षा नको, तपासणी नको', आणि पहिला सोडून देतो.

आणि खरं सांगू का, हे ऐकायला फिनलंडला जायची गरजच नव्हती. १८८२ साली हंटर आयोगासमोर महात्मा फुल्यांनी निवेदन दिलं. त्यात काय होतं? प्राथमिक शिक्षण बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचं करा. शिक्षक प्रशिक्षित हवेत. त्यांना पगार नीट हवा. आणि शक्यतो ते शेतकरी वर्गातून आलेले हवेत, म्हणजे मुलांमध्ये मिसळतील. १८८२! फिनलंडला तेव्हा स्वातंत्र्यही मिळालेलं नव्हतं.

आज आपल्याकडे नवा शिक्षक आधी तीन वर्षं 'शिक्षणसेवक' असतो. प्राथमिकला महिना १६,००० रुपये मानधन, तेही २०२३ मध्ये वाढवल्यानंतर. त्याआधी ते ६,००० होतं. आला ना तो शब्द परत? ज्या कामाला आपण 'मानधन' म्हणतो, त्या कामाची आपल्या लेखी किंमत किती, हे त्या एका शब्दात कळतं.

आणि त्याचा दिवस? शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ सांगतं की शिक्षकांना जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून इतर अशैक्षणिक कामं देऊ नयेत. पण या तीन अपवादांतच बरंच काही मावतं. मतदार यादीचं काम, घरोघरी फिरणं, शिवाय शाळेतल्या सतराशे साठ ऑनलाइन माहित्या. दोनशिक्षकी शाळेत एक सर यादी घेऊन बाहेर गेले, की दुसऱ्या बाईंकडे पहिली ते चौथी सगळीच मुलं. तिथे पुस्तक कितीही चांगलं असू दे.

तिसरी गोष्ट : पैसा, दर वर्षी, न भांडता

आपल्याकडे गोखले रोड म्हटलं की कपडे, चप्पल आणि पार्किंगची मारामारी. मला आज दुसरे गोखले आठवतायत, नामदार गोपाळ कृष्ण गोखले. मार्च १९११ मध्ये त्यांनी केंद्रीय विधिमंडळात प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं. फार मवाळ विधेयक होतं ते. ज्या भागात आधीच बरीच मुलं शाळेत जातात, तिथल्या स्थानिक संस्थांना सक्ती करायची मुभा द्या, आणि खर्चाचा मोठा वाटा सरकारनं उचला. बस. मार्च १९१२ मध्ये ते ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं. एक मोठा आक्षेप होता: पैसा कुठून आणायचा?

त्याच काळात दोन संस्थानांनी हे करून दाखवलं होतं. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १८९३ ला अमरेलीत प्रयोग केला आणि १९०६ ला तो सगळ्या राज्याला लागू केला. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ ला सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला. मूल शाळेत पाठवलं नाही तर पालकाला महिना एक रुपया दंड. म्हणजे इच्छा होती तिथे पैसा सापडला.

पुढे १९६४ ते ६६ मध्ये कोठारी आयोग बसला. त्याचे सदस्य-सचिव होते कोल्हापूर जिल्ह्यातले जे. पी. नाईक. आयोगानं सांगितलं, राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के शिक्षणावर खर्च करा. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तोच ६ चा आकडा पुन्हा लिहिला आहे. पुन्हा लिहावा लागला, यातच सगळं आलं.

बरं, नुसता पैसा ओतून भागत नाही हेही खरं. पण तो कसा येतो याला महत्त्व आहे. यशस्वी ठिकाणी शिक्षक निवृत्त झाला की जागा भरली जाते. त्यासाठी कुणाला उपोषणाला बसावं लागत नाही. आपल्याकडे भरती वर्षानुवर्षं थांबते आणि मग एकदम होते. मधल्या काळात जी मुलं शाळेत होती, त्यांची पहिली परत येत नाही.

चौथी गोष्ट : वर्गात कुणाकुणाची मुलं आहेत

ही गोष्ट आपल्याला, म्हणजे नौपाड्याला, थोडी टोचणारी आहे.

फिनलंडमध्ये पूर्वी चौथीनंतर मुलांची वाट फुटायची. काही मुलं फी भरून पुढच्या शाळांत, बाकीची साध्या शाळांत. १९६८ च्या कायद्यानं त्यांनी सगळ्यांसाठी नऊ वर्षांची एकच शाळा ठरवली. १९७२ ला उत्तरेच्या लॅपलंडपासून सुरुवात केली आणि १९७७ ला राजधानी हेलसिंकीच्या भागात पोचले. बहुतेक खासगी शाळा नगरपालिकांच्या व्यवस्थेत आल्या. विरोध प्रचंड झाला. पण त्यानंतर डॉक्टरचं मूल आणि बसचालकाचं मूल एका बाकावर आलं. शाळेचं छत गळलं की दोघांचे आईबाप फोन करणार.

कोठारी आयोगानंही परिसरातल्या सगळ्या मुलांसाठी एकच समान शाळा सुचवली होती. आपण उलटीकडे गेलो. आल्बर्ट हिर्शमन या अर्थतज्ज्ञानं १९७० साली हे छान उलगडून दाखवलं होतं: एखादी सेवा बिघडली की माणूस दोन गोष्टी करू शकतो, आवाज उठवायचा किंवा सोडून जायचं. ज्यांचा आवाज सर्वात मोठा असतो, तेच आधी सोडून जातात. मग उरलेल्यांचं कुणी ऐकत नाही.

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पाणी अर्धा तास उशिरा आलं तर नगरसेवकांपर्यंत मेसेज जातो. महापालिकेच्या शाळेत किती शिक्षक आहेत, हा मेसेज मी त्या ग्रुपवर आजपर्यंत पाहिलेला नाही. मी स्वतःही टाकलेला नाही.

इथे कुणी म्हणेल, शिक्षण हक्क कायद्यानं खासगी शाळांत २५ टक्के जागा दिल्यात की. बरोबर. आणि त्या टिकवायलाही भांडावं लागलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्यानं नियम बदलला: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी विनाअनुदानित शाळेला हे प्रवेश द्यायची गरज नाही. जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तो बदल रद्द केला. चांगलं झालं. पण त्या प्रवेशांना सोडत असते. नंबर लागला तर एक मूल खासगी शाळेत जातं. ज्यांचा लागला नाही त्यांची शाळा आहे तिथेच राहते.

आणि शेवटी, चिकाटी

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. यश टिकतंच असं नाही. 'पिसा' या आंतरराष्ट्रीय चाचणीत २००३ साली गणितात फिनलंडचे सरासरी गुण ५४४ होते. २०२२ मध्ये ४८४. कारणांवर तिकडे अजून वाद चालू आहे. पण एवढं नक्की, की शाळांची व्यवस्था ही बांधून सोडून दिलेली इमारत नसते. आपल्या जुन्या इमारतींना जशी दर काही वर्षांनी डागडुजी लागते, तसंच.

तर ताईंना काय सांगितलं?

मी त्यांना शाळेचं नाव सांगितलं नाही. तीन प्रश्न दिले. तुम्हीही कुणाला तरी हे तीन प्रश्न द्या.

एक: तिसरीतल्या मुलाला वाचता येतं का? शाळेतल्या कुणा मुलाला काहीतरी नवीन वाचायला द्या. पाठ कविता म्हणू देऊ नका.

दोन: पहिलीला शिक्षक कायम आहे का, आणि वर्गात मुलं किती? कायद्यानं प्राथमिकला ३० मुलांमागे एक शिक्षक हवा.

तीन: शाळा व्यवस्थापन समितीची बैठक कधी असते? सरकारी आणि अनुदानित शाळेत ही समिती असायलाच हवी. तीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया. म्हणजे ताईंना तिथे बसायचा हक्क आहे.

ताईंनी माझ्यापेक्षा हुशारी केली. शेजारची एक मुलगी त्या इंग्लिश मिडियममध्ये तिसरीत आहे आणि एक मुलगा महापालिकेच्या शाळेत तिसरीत. ताईंनी दोघांना बसच्या पाटीवरचं वाचायला सांगितलं. मुलीनं इंग्रजी कविता फाडफाड म्हणून दाखवली, पण पाटी वाचता येईना, ना मराठी, ना इंग्रजी. मुलगा अडखळत का होईना, मराठी पाटी पूर्ण वाचून गेला. एका पाटीवरून शाळेचा निकाल लागत नाही, हे मी त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "ते कळतं मला. पण हजार रुपये वाचतील, आणि त्या शाळेत मला विचारायला तरी येतं. तिकडे मी इंग्लिशमध्ये काय विचारणार?"

पोरगी जूनमध्ये महापालिकेच्या शाळेत गेली. निर्णय बरोबर की चूक, ते दोन वर्षांनी ती पाटी वाचेल तेव्हा कळेल. तिच्या बाईंची बदली झाली, तर काय, हाही प्रश्न आहेच. त्यासाठी समितीच्या पहिल्या बैठकीला जायचं ताईंनी ठरवलंय. त्या दिवशी आमच्याकडे पोळ्या नसतील, हे त्यांनी आधीच सांगून ठेवलंय.

मी काय करणार? सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज टाकणार: आपल्या प्रभागातल्या महापालिका शाळेत शिक्षकांच्या किती जागा भरलेल्या आहेत, हे कुणाला माहीत आहे का? उत्तर आलं तर पुढच्या भागात सांगतो. नाही आलं, तर तेही सांगतो.

तुमच्या वॉर्डात, तुमच्या गावात हा प्रश्न विचारून बघा आणि काय उत्तर मिळतं ते व्हॉइस नोटनं कळवा. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत ऐकत राहा, आणि जवळ तिसरीतलं कुणी असेल, तर त्याच्याकडून एखादी पाटी वाचून घ्या.